मुलांना जपायचं तर आधी त्यांच्या आईबापांचं दार वाजवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दहा-बारा रहिवासी मिळून आपल्या भागात मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी काही करू पाहता. एक व्याख्यान, जागोजागी फलक आणि मुलांसाठी ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिबिर असा बेत आहे. त्याच वेळी तुमच्या वरच्या मजल्यावरून आठवड्यातून तीन-चार रात्री मुलाचं रडणं आणि बापाचं ओरडणं ऐकू येतं. त्या घरात तीन वर्षांचा मुलगा आणि दोन महिन्यांचं बाळ आहे. तिथे काय करावं हे कुणालाच सुचत नाही. मी बावीस वर्षं कुटुंब समुपदेशन आणि बालसंरक्षणाच्या कामात आहे, त्या अनुभवातून लिहिते.

वरच्या मजल्यापासून सुरुवात करते, कारण व्याख्यानाची तारीख पुढे ढकलता येते, हे ढकलता येत नाही.

मारल्याचा आवाज येत असेल, मूल किंचाळता किंचाळता एकदम गप्प होत असेल, आई मदतीसाठी हाका मारत असेल, तर विचार करत बसू नका. पोलिसांना फोन करा. भारतात असाल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. ‘आपल्यामुळे उगाच कुणाचं घर मोडलं तर?’ ही भीती मी प्रत्येक बैठकीत ऐकते. तुम्ही जे ऐकलं, जे पाहिलं, तेवढंच कळवायचं असतं. चौकशी करून खरं-खोटं ठरवायला वेगळी माणसं असतात आणि चांगल्या हेतूनं केलेली चुकीची शंका हा गुन्हा नाही.

पण तुमच्या वर्णनावरून मला दुसरं चित्र जास्त शक्य वाटतं, कारण तेच मी जास्त वेळा पाहिलं आहे. दोन महिने झोप न झालेली दोन माणसं, हातात शांत न होणारं बाळ, आणि धाकट्याच्या येण्यानं बिथरलेला थोरला. पत्रावरून मी खात्री देऊ शकत नाही. म्हणूनच कुणीतरी तिथे जायला हवं.

दिवसा जा. एकट्यानं जा, फार तर दोघांनी. पाच जणांचं शिष्टमंडळ दारात उभं राहिलं की माणूस शरमेनं दार लावून घेतो आणि तो राग रात्री मुलावर निघतो. ‘काल फार आवाज येत होता’ अशी सुरुवात करू नका. ‘बाळ रात्री झोपू देत नाही वाटतं?’ एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. निघताना ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका. त्या वाक्याला आजवर कुणीही काही सांगितलेलं मला माहीत नाही, कारण त्यात मागण्याचं ओझं थकलेल्या माणसावरच पडतं. त्याऐवजी नेमकं बोला: ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात मी इथे येऊन बसते, तुम्ही तेवढं झोपून घ्या.’ नाही म्हणाले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. बहुतेक घरं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी हो म्हणतात. बापाशीही बोला. बाळाबद्दल सगळे फक्त आईशी बोलतात आणि ओरडणारा बाप कुणाशीच बोलत नाही, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

गेल्यावर डोळे उघडे ठेवा. जे बाळ अजून धरून चालत नाही, त्याच्या अंगावर सहसा काळं-निळं उमटत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीला आलेली तीन वर्षांखालची जवळपास हजार मुलं पाहिली, तेव्हा सहा महिन्यांखालच्या ३६६ बाळांपैकी फक्त दोघांच्या अंगावर असा डाग निघाला, इतकं ते दुर्मीळ आहे. (जन्मापासून कमरेवर असणारा निळसर पट्टा वेगळा. तो निरुपद्रवी असतो आणि डॉक्टरांना लगेच ओळखू येतो.) चालत्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर खरचटलेलं असणारच. कान, मान, पोट, पाठ इथले डाग मात्र साध्या पडण्यानं क्वचितच होतात. दोन महिन्यांच्या बाळाच्या अंगावर एकच छोटा डाग दिसला, तरी त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यायला लावा. टाळाटाळ झाली, किंवा सांगितलेलं कारण दर वेळी बदलू लागलं, तर कळवायची वेळ आली आहे असं समजा.

आता त्या रडण्याबद्दल, कारण प्रत्येक शेजाऱ्याला हे माहीत असायला हवं. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. या काळात धडधाकट बाळही तासन्‌तास रडतं, पाजलं, थोपटलं, फिरवलं तरी थांबत नाही, आणि संध्याकाळनंतर जास्त रडतं. बाळाला गदागदा हलवल्यामुळे मेंदूला होणाऱ्या इजांचा वयानुसार आलेख काढला, तर तोही याच वळणानं, जरासा मागून चढतो आणि उतरतो. म्हणजे बाळाचा जीव सर्वांत धोक्यात असतो तो काळ आधीच माहीत असतो. आईबापांना सांगायचं ते असं: अगदी सहन होईनासं झालं की बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार लोटून घ्या आणि दहा मिनिटं बाहेर उभे राहा. इतका वेळ रडल्यानं बाळाला काही होत नाही. हलवण्यानं काही सेकंदांत होतं.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातल्या प्रसूतिगृहांत परिचारिकांनी हेच, घरी सोडण्यापूर्वी, आई आणि बाप दोघांनाही बसवून समजावलं. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा इजांचं प्रमाण त्या भागात ४७ टक्क्यांनी घटलं होतं. आम्ही सगळे हरखलो होतो. पुढे पेनसिल्व्हेनियात तोच कार्यक्रम राज्यभर राबवला गेला आणि २०१७ मध्ये त्याचा हिशेब आला, तेव्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्या बाळांची संख्या त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही. मी त्यातून घेतलेला अर्थ असा: माहिती द्यायलाच हवी, पण प्रसूतिगृहात ऐकलेलं वाक्य सहाव्या आठवड्यातल्या रात्री तीन वाजता पुरत नाही. तेव्हा बाळ हातातून घेणारं माणूस लागतं. तुमच्या गटाचं खरं काम तिथे आहे.

ही जाणीव नवी नाही. १९६२ मध्ये डेन्व्हरमधले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात मारहाण होणाऱ्या मुलांवर एक शोधनिबंध लिहिला. आईबाप आपल्याच मुलाची हाडं मोडू शकतात, हे मान्य करायला तोवर डॉक्टरही धजत नव्हते. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे प्रकार कळवण्याचे कायदे झाले. तेच केम्पे १९७६ मध्ये मात्र वेगळी मागणी करत होते. प्रत्येक नव्या बाळाच्या घरी नियमानं जाणारी, घराशी ओळख धरून असणारी आरोग्यसेविका हवी, असं ते म्हणत होते. इजा झाल्यावर कळवण्याची व्यवस्था उभी करणारा माणूसच, इजा व्हायच्या आधी दारात पोहोचा, असं सांगत होता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही कलम १९ मुलाला हिंसा आणि हेळसांड यांपासून संरक्षण देतं, आणि त्याच्या लगेच आधीचं कलम १८ सरकारांना सांगतं की मूल वाढवणाऱ्या आईबापांना मदत करा. कलम १९ वर भाषणं पुष्कळ होतात. कलम १८ चं नाव मी फारसं ऐकत नाही.

घरभेटींचा उपयोग होतो का? न्यूयॉर्क राज्यातल्याच एल्मायरा या गावात संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ पासून चारशे स्त्रियांसह हे तपासलं. त्यांना पहिलंच मूल होणार होतं. त्यांतल्या बऱ्याच जणी अगदी तरुण, एकट्या किंवा गरीब होत्या. एका गटाकडे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत परिचारिका जात राहिली. पंधरा वर्षांनी नोंदी पाहिल्या, तेव्हा या घरांतल्या मुलांच्या छळाचं आणि हेळसांडीचं प्रमाण इतरांच्या जवळपास निम्मं होतं. पण याच अभ्यासातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगते. ज्या घरांत नवरा किंवा जोडीदार बाईला वारंवार मारत होता, तिथे हा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. आई मार खात असेल त्या घरात मुलाला वाचवण्याचा रस्ता आईच्या सुरक्षिततेतूनच जातो. तिथे ‘तुम्ही झोपून घ्या, मी बाळ बघते’ एवढ्यानं भागत नाही. तिला एकटं गाठून विचारा, कुठे जाता येईल ते आधीच शोधून ठेवा, आणि ‘मुलांसाठी सहन कर’ हे वाक्य तुमच्या गटातल्या कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका.

हेळसांडीबद्दल दोन शब्द. मळके कपडे, अर्धपोटी शाळेत येणं, कुलूपबंद घरात एकटं राहणं, हे पाहून लोक आईला नावं ठेवतात. कधी ती खरोखर बेफिकिरी असते, कधी दारूचं व्यसन असतं. पण बऱ्याचदा दोन पाळ्यांत काम करणारी एकटी बाई असते आणि मूल सोपवायला कुणी नसतं. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की किमान वेतन ताशी एक डॉलरनं वाढलं, तिथे हेळसांडीच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटल्या. आयांना कुणी उपदेश केला नव्हता. चार पैसे हातात आले होते. म्हणून अशा घराबद्दल तक्रार करण्याआधी स्वतःला विचारा: या मुलासाठी पाळणाघराची सोय झाली, तर तक्रार उरेल का? उरणार नसेल तर पाळणाघर शोधा.

मारण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे आणि ते लपवत नाही. ‘दोन फटके दिले म्हणून काय झालं’ ही सवय मोडल्याशिवाय मोठी मारहाण थांबत नाही. मी पाहिलेल्या गंभीर प्रकरणांत सुरुवात बहुतेक वेळा शिस्तीच्या फटक्यानं झालेली असते. फटक्याचा परिणाम होईनासा होतो आणि हात चढत जातो. १९७९ मध्ये स्वीडननं मुलांना मारण्यावर, घरातही, बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. आईबापांना तुरुंगात टाकणं हा हेतू नव्हता. नव्या कायद्याची माहितीपत्रकं घरोघर गेली आणि न्याहारीच्या टेबलावर विषय निघावा म्हणून दुधाच्या खोक्यांवरही छापली गेली. फलक लावायचेच असतील तर हे डोळ्यांसमोर ठेवा. ‘बालछळ हा गुन्हा आहे’ असं लिहिलेला फलक वाचून प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे. ‘बाळ रडायचं थांबत नाही? दहा मिनिटं बाहेर या, आम्ही आहोत’ आणि खाली फोन क्रमांक, असा फलक माणूस आपल्यासाठी वाचतो.

रस्त्यात कुणी मुलाला बडवताना दिसलं तर? आईला किंवा बापाला दरडावू नका, घरी गेल्यावर मुलाला दुप्पट बसतात. मध्ये पडा, पण बाजूनं: ‘पिशवी धरू का?’, ‘दमलाय वाटतं फार.’ तिऱ्हाइताचा साधा आवाजही चढलेला हात बऱ्याचदा खाली आणतो. हात खाली येत नसेल, तर मात्र पोलिसांना फोन करा.

इथवर मी थकलेल्या, चिडलेल्या, एकट्या पडलेल्या माणसांबद्दल बोलले. लैंगिक अत्याचार हा निराळा विषय आहे आणि तिथे माझा सूर बदलतो. तो थकव्यातून होत नाही, ठरवून होतो. करणारा बहुतेक वेळा मुलाच्या आणि घराच्या ओळखीतला असतो: नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर, खेळाचा प्रशिक्षक. तो आधी घराचा विश्वास मिळवतो. भेटवस्तू देतो, मुलाला ‘तू सगळ्यांत खास’ म्हणतो, छोटी छोटी गुपितं ठेवायला शिकवतो, दमलेल्या आईला म्हणतो, ‘मी सोडतो त्याला क्लासला, तुम्ही कशाला त्रास घेता.’ जिथे मदतीला कुणीच नसतं, तिथे असा मदतनीस देवासारखा वाटतो. एकट्या पडलेल्या घराला तो अचूक हेरतो. म्हणून घराला चार भले लोक जोडलेले असणं हे इथेही संरक्षणच आहे.

आणि म्हणूनच तुमच्या गटालाही नियम हवेत, पहिल्याच दिवसापासून. अशी माणसं मुलांच्या कामाकडे ओढली जातात. तुमचा गट त्याला अपवाद नसेल. कुणीही मोठं माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटं राहणार नाही. मूल सांभाळायचं तर त्याच्या घरी, घरचं कुणी असताना, किंवा सगळ्यांच्या नजरेसमोर उघड्यावर. मुलांना खासगी मेसेज नाहीत, गाडीवरून एकट्याला नेणं नाही, भेटवस्तू नाहीत. नवीन माणूस आला की तो आधी जिथे काम करत होता तिथे फोन करून विचारायचं. एखादा म्हणेल, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ त्याला सांगा, नियम सगळ्यांना सारखा आहे, संस्थापकांनाही. भला माणूस यावर एकदा नाराज होतो आणि नियम पाळतो. जो पुन्हा पुन्हा सवलत मागतो, त्याला काम देऊ नका, मग तो कितीही लाडका असो.

मुलांचं शिबिर जरूर घ्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. २०१५ मध्ये अशा शालेय कार्यक्रमांच्या चोवीस चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. मुलांची माहिती आणि समज वाढते हे त्यात स्पष्ट दिसलं. प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात, हे मात्र सिद्ध झालं नाही. सात वर्षांच्या मुलीनं काकाला ‘नाही’ म्हणावं ही अपेक्षा तिच्यावर ठेवणंच मला अन्यायाचं वाटतं. शरीराच्या अवयवांची खरी नावं शिकवा, ‘मोठ्या माणसानं ठेवायला सांगितलेलं गुपित घरी सांगायचं’ हे शिकवा, आणि ते झालं की तेच शिबिर मोठ्यांसाठी घ्या.

असं शिबिर झालं की एखादं मूल काहीतरी सांगतंच. तयारी नसेल तर शिबिर घेऊ नका. मूल बोलू लागलं की हातातलं काम बाजूला ठेवा, चेहरा शांत ठेवा. ‘मग काय झालं?’ याहून जास्त विचारू नका. ‘त्यानं इथे हात लावला का?’ असे प्रश्न मुलाच्या तोंडात शब्द घालतात आणि पुढे न्यायालयात तेच प्रश्न मुलावर उलटतात. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, पाळता येणार नाही. म्हणा, ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आता मी मदत करू शकणाऱ्या माणसांना सांगणार.’ मुलाचे शब्द, जसेच्या तसे, त्याच दिवशी लिहून ठेवा. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला जाब विचारायला जाऊ नका, तो सावध होतो आणि मुलाला गप्प करतो. चार दिवसांनी मूल ‘तसं काही नव्हतं’ म्हणालं, तर ते खोटं बोललं होतं असं धरू नका. घरच्यांचे उतरलेले चेहरे पाहून मुलं शब्द मागे घेतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्याची वाटच पाहते.

कळवणं टाळू नका आणि गटात ‘आपापसांत मिटवू’ हा प्रस्ताव मतालाही टाकू नका. भारतात पोक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणीही ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे. ज्यांना कळवायला हवं ते सोडून इतर कुणालाही मुलाचं नाव सांगू नका, गटातल्या उत्सुक माणसांनाही नाही. मूल आणि त्याचं घर उद्याही त्याच जिन्यानं चढणार-उतरणार असतं.

पहिल्या बैठकीत काय करायचं, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे. व्याख्यानाचा विषय बाजूला ठेवा आणि एक कागद घ्या. आपल्या भागात गेल्या वर्षभरात बाळ कुणाकडे झालं, मुलांना एकट्यानं कोण वाढवतंय, कुणाची नोकरी गेली, नव्यानं राहायला कोण आलं, कुणाच्या घरी विशेष गरजांचं मूल आहे, ते आठवून लिहा. प्रत्येक नावापुढे बैठकीतल्या ज्याची त्या घराशी थोडी तरी ओळख आहे, त्याचं नाव लिहा. कुणाचीच ओळख नाही अशी दोन-तीन घरं निघतील, तिथे सर्वांत आधी जा. कागद कुणाच्या फोनवरून फिरवू नका, एकानं जवळ ठेवा. आणि वरच्या मजल्यावर कोण जाणार हे ठरवायला बैठकीची वाट पाहू नका. तुम्हीच जा, उद्या दुपारी.